पेलूसाच्या कानामागची गाठ

१

ओबदूलिया फेरान जिन्याच्या तळाशी उताणी पडली होती आणि तिच्या कुशीला तिची कुत्री बसून होती. बाईंचं डोकं शेवटच्या पायरीच्या कडेवर आपटलेलं. रक्त फरशीवर वाळून काळं पडलं होतं. कुत्री मात्र पांढरीशुभ्र. जमिनीला टेकणारे लांब रेशमी केस, डोळ्यांवर येणारे केस बाजूला घेऊन घातलेल्या दोन बारीक वेण्या आणि वेण्यांना निळ्या फिती. लग्नाला निघाली असावी तशी ती नटली होती.

मला काही वाटेल का, याची मी थोडी वाट पाहिली. काही वाटलं नाही. माझी मुलगी लिस्बेत गेल्या महिन्यात देश सोडून गेली, तेव्हापासून माझं हे असंच चाललंय. जेवते, झोपते, प्रेतं बघते, सह्या करते. नेरेइदा बोफिल, कॅप्टन, हवाना पोलीस. नोकरी चोख चालली आहे, तक्रार कुणाचीच नाही.

"पाय घसरला, दुसरं काय," माझा सार्जंट रेइनिएर म्हणाला आणि शिंकला. "आणि म्हणे या जातीच्या कुत्र्यांनी शिंका येत नाहीत."

"घसरलेला माणूस उताणा पडतो, पण दंडांवर बोटांचे वळ घेऊन पडत नाही," मी म्हणाले.

त्याने वाकून पाहिलं. दोन्ही दंडांवर चार-चार निळे ठसे होते. कोणीतरी तिला समोरून धरलं होतं. एप्रनच्या खिशात लोखंडी फणी होती. मी ती उजेडात धरली. दातांत एकही केस नव्हता.

आतल्या खोलीत मला कुत्रं न्यायचा प्लास्टिकचा पिंजरा दिसला. कोरा करकरीत. आमच्याकडे डोकेदुखीची गोळी मिळायची मारामार, तिथे हा पिंजरा कुठून आला, असं मनात आलं आणि गेलं.

"कॅप्टन," रेइनिएर दारातून म्हणाला, "समोरच्या बाईने सकाळी इथे भांडण ऐकलंय. आणि एकाला पळताना पाहिलंय."

२

पळणारा सापडायला वेळ लागला नाही. ओस्निएल, ओबदूलियाच्या भाच्याचा मुलगा. वय वर्षं सव्वीस, सायकल-रिक्षा चालवतो. तो घरीच होता, भात खात होता.

त्याच्याकडे जायच्या आधी मी ओबदूलियाच्या घरातच राहणाऱ्या तिच्या बहिणीशी बोलले. कासिल्दा, ओबदूलियापेक्षा दोन वर्षांनी धाकटी. दोघींनी लग्नं केली, नवरे पुरले, आणि परत हवानाच्या लॉटन भागातल्या आईबापांच्या घरात येऊन राहिल्या. तिनेच बहीण पडलेली पाहिली आणि शेजाऱ्यांना हाक मारली होती. ती स्वयंपाकघरात ताठ बसली होती, हात मांडीवर पालथे ठेवून. डोळे कोरडे होते.

"सकाळी उठल्या उठल्या गॅसच्या रांगेत गेले," ती म्हणाली. "विचारा कुणालाही. सिलिंडर घेऊन आले तर ही अशी."

"ओस्निएल येणार होता?"

"तो कधीही येतो. तोंडाने फाटका आहे, पोरी, पण हाताने नाही."

"भांडण कशावरून?"

"पेलूसावरून. सगळी भांडणं तिच्यावरूनच. तो म्हणतो, पिल्लं काढू, विकू. कधी म्हणतो, उन्हाळ्यात हिचे केस भादरून टाका. ओबदूलियासमोर असं बोलायचं म्हणजे पाद्र्यासमोर शिवी हासडायची." ती किंचित हसली असावी. "केसांचा मान ओबदूलियाचा. फणीला मला हात लावायची बंदी. पाणी, साबण, टॉवेल, वेण्या हे माझ्याकडे. आमच्या आईची पण याच जातीची कुत्री होती, तेव्हापासून वाटणी तशीच आहे. मी वेंधळी, केस ओढते म्हणे."

"आणि तो पिंजरा?"

"प्रदर्शनासाठी," ती म्हणाली आणि उठून ओटा पुसायला लागली. ओटा स्वच्छच होता.

निघताना मी विचारलं, कुत्रीचं काय करायचं. "घेऊन जा," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

मग मी पेलूसाला काखेत मारून बाहेर पडले. माझ्या चौकशीखोलीत आजवर चोर आले, दारुडे आले, एकदा बकरीही आली होती. निळ्या फितीवाली ही पहिलीच.

३

"मी नाही ढकललं!" ओस्निएल ओरडला. "कुणाचीही शपथ घालून विचारा."

"मग पळालास का?"

"तिने चप्पल फेकून मारली म्हणून! तुम्हाला माहीत नाही तिचा नेम. मी एवढंच म्हटलं, ओबदूलिया आजी, एवढी उकड आहे, वीज नाही, पंखा नाही, बिचारीचे केस कापून टाका, दोन पिल्लं मला द्या, मी लाइनीला लागतो. तर जिन्यात उभी राहून माझ्या सात पिढ्या काढल्या. म्हणे, या केसांमुळे तिला ऊन लागत नाही, मूर्खा, कापलेस तर भाजून मरेल. आणि कासिल्दा आजी रांगेतून आली की सांगते तिला, म्हणे."

"कुत्री कशी होती तेव्हा?"

त्याला प्रश्न कळेना. "कशी म्हणजे? उठल्यावर कुत्रं असतं तशी. झिपऱ्या सुटलेल्या. आजी म्हणाली, तुझ्यामुळे माझी कॉफी राहिली, हिचं विंचरायचं राहिलं, चालता हो."

मग त्याला एक युक्ती सुचली. दोन्ही हात पसरून तो म्हणाला, "हा शर्ट बघा! मी झटापट केली असती तर कुत्रीने अंगावर उडी मारली नसती का? एक तरी केस दिसतोय?"

रेइनिएरने लगेच मान डोलावली. "मुद्दा बिनतोड आहे, कॅप्टन."

"बिनतोड नाही, बिनकामाचा आहे," मी म्हणाले. "दिवसभर तिला घेऊन फिरतेय मी. माझ्या काळ्या स्कर्टवर एक केस दाखव. ही कुत्री केस सोडतच नाही."

ओस्निएलचे हात खाली आले. त्याचं तोंड एवढंसं झालं.

बाहेर बाकावर त्याची बायको डबा घेऊन बसली होती. आठवा-नववा महिना असावा. ती रडत नव्हती, विनवत नव्हती, नुसती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. वरून फोन आला होता की उद्यापर्यंत आरोप ठेवून कागद पुढे पाठवा. कागदावर तो पोरगा अगदी फिट्ट बसत होता. भांडण होतं, पळणं होतं, साक्षीदार होती. आमच्याकडे एकदा आरोप लागला की बाळ चालायला लागेपर्यंत बाप दिसत नाही. मला त्या मुलीची कीव यायला हवी होती. डोक्याला ते कळत होतं, आत काही हलत नव्हतं.

घरी आल्यावर पेलूसा डाव्या कानामागे खाजवायला लागली. खाजवे आणि कण्हे. मी केसांत बोटं घातली. वरून रेशीम, आणि आत कातडीलगत लिंबाएवढी घट्ट गाठ. काखांतही तशाच दोन. तळाचे केस अजून ओलसर होते.

तिला त्याच दिवशी धुतलं होतं.

४

रविवारी सकाळी मी तिला घेऊन एवेलिओ रुसिंदोकडे गेले. हा पूर्वी पियानो शिकवायचा, आता या जातीच्या कुत्र्यांच्या संघाचा अध्यक्ष आहे. नाकाने कांदे सोलणारा, पण कुत्र्यांतलं त्याला कळतं असं सगळे सांगतात. पेलूसावर त्याचा कित्येक वर्षं डोळा होता, हेही सगळे सांगतात.

"काल, शनिवारी सकाळी कुठे होता तुम्ही?" मी दारातच विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "त्यांच्याच दारात. ठोठावून ठोठावून हात दुखला. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, पण कोणी कडी काढली नाही. शनिवार त्यांचा पाण्याचा वार, मला वाटलं पिंपं भरतायत. मी परत आलो."

"कशासाठी गेला होता?"

"निरोप घ्यायला." माझा चेहरा पाहून तो थांबला. "म्हणजे तुम्हाला माहीतच नाही? ओबदूलिया येत्या गुरुवारी निघणार होती. स्पेनमध्ये व्हिगोला, मुलाकडे. कायमची. पेलूसाला पण नेणार होती. तो पिंजरा मीच मिळवून दिला."

"प्रदर्शनासाठी नव्हता तर?"

"ओबदूलियाने आयुष्यात प्रदर्शनात कुत्री उभी केली नाही. माझं ते दुखणंच होतं."

त्याने पेलूसाला टेबलावर घेतलं. फितींकडे पाहून खूश झाला, कानामागे बोट गेलं आणि त्याचा चेहरा वाकडा झाला.

"हे कुठल्या गाढवाने केलं?"

"काय झालंय?"

"न विंचरता पाण्यात घातलंय. बाईसाहेब, हिचे केस गळत नाहीत असं लोक म्हणतात. गळतात. पण खाली पडत नाहीत, शेजारच्या केसांत अडकून बसतात. म्हणून रोज पाण्याचा हलका फवारा मारून मुळापासून विंचरावं लागतं. धुवायच्या आधी तर विंचरणं हवंच. गुंता तसाच ठेवून पाणी घातलंत की त्याचा दाबलेल्या लोकरीसारखा नमदा होतो. आत जे असेल ते आतच कोंडलं जातं. साबण पोचत नाही, फणी पोचत नाही. मग कात्री."

"कापा," मी म्हणाले.

त्याने हळहळत ती गाठ मुळापासून कापली आणि बशीत ठेवून उभी चिरली. बाहेरून ती पांढरी होती. मध्यभागी मात्र गडद तपकिरी, वाळलेलं काहीतरी होतं. त्याने वास घेतला आणि बशी माझ्याकडे सरकवली.

"हे रक्त आहे," तो म्हणाला. "आणि कुत्रीला कुठेही जखम नाही."

५

"म्हणजे ओबदूलिया पडल्यावर कुत्री तिच्या रक्तात लोळली," रेइनिएर म्हणाला, "आणि त्यानंतर कोणीतरी तिला धुतलं. प्रेत जिन्यात, आणि हा माणूस कुत्रं धूत बसलाय?"

"बसलाय. साबण लावला, वाळवलं, वेण्या घातल्या, फिती बांधल्या."

"तर मग ओस्निएलच. रक्ताचे डाग घालवायला. आणि अडाणी आहे म्हणून न विंचरता धुतलं. एवेलिओ म्हणतोच आहे, गाढवाचं काम."

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. तू कुत्रं धुतलंस तर पुसशील कसं?"

त्याने हवेत टॉवेल खसाखसा फिरवून दाखवला.

"ओस्निएलही तसंच करेल. मग सगळ्या अंगाचा गुंता झाला असता. इथे केस दाबून टिपलेत, पाठीवर भांग सरळ आहे, वेण्या एकसारख्या आहेत. ज्याने धुतलं त्याचा हात कसलेला आहे. आणि वेण्या घालत बसला म्हणजे त्याला घाईही नव्हती."

"मग एवेलिओ! त्याने स्वतःच दारात गेल्याचं कबूल केलंय. ताकाला जाऊन भांडंही लपवलं नाही."

"एवेलिओ स्वतःच विंचरतो आणि स्वतःच धुतो. त्याच्या हाताला क्रम माहीत आहे. तो झोपेतसुद्धा आधी फणी उचलेल. शिवाय त्यानेच धुतलं असतं तर गाठीतलं रक्त मला चिरून दाखवलं असतं का?"

बशी टेबलावर आमच्या मध्ये होती.

"धुण्यात कसलेला," मी म्हणाले, "पण आधी विंचरायचं असतं हे ज्याच्या हाताला ठाऊकच नाही, असा माणूस हवा. का ठाऊक नाही? कारण आयुष्यभर त्याच्या हातात कुत्री विंचरूनच आली. त्याचं काम पाण्यापासून सुरू होतं. आणि त्या दिवशी विंचरणारी जिन्याखाली मरून पडली होती. तिच्या खिशातली फणी कोरी होती."

तो उठून उभा राहिला. "कासिल्दाबाई? पण त्या रांगेत होत्या! चार जणांनी सांगितलंय."

"काय सांगितलंय? नीट आठव."

"सकाळी विचारलं, शेवटचा कोण. आणि नंतर सिलिंडर घेऊन गेल्या."

"आणि मधे?"

या शहरात रांगेत अखंड उभं कोण राहतं? शेवटचा कोण ते विचारायचं, त्याचा चेहरा लक्षात ठेवायचा, आपल्या मागच्याला चेहरा दाखवायचा आणि घरी जाऊन भात टाकायचा. रेइनिएरची आईही तेच करते, मीही करते. नंबर आला की माणूस हजर होतो आणि सगळे शपथेवर सांगतात, हो, ही सकाळपासून इथेच होती.

६

कासिल्दा तशीच स्वयंपाकघरात बसली होती. मी पेलूसाला तिच्या मांडीवर ठेवलं. कानामागे कापलेली जागा उघडी होती, गुलाबी कातडी दिसत होती. तिचं बोट आपोआप तिथे गेलं आणि थांबलं.

"कापावी लागली?" तिने विचारलं.

"कापावी लागली. आत रक्त होतं, कासिल्दाबाई."

तिने मान हलवली. नाकारलं नाही. वाणसामानाचा भाव ऐकावा तसं तिने ते ऐकून घेतलं. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"गुरुवारी जाते, म्हणाली. काल सांगितलं. सगळी तयारी झाल्यावर, जिन्यात उभी राहून." तिचा आवाज सपाट होता. "मी नंबर धरून कॉफी ठेवायला घरी आले होते. ओस्निएल नुकताच गेलेला, ही अजून तणतणत होती. त्याच रागात बोलून गेली, बरं झालं, गुरुवारी सुटते तुमच्यातून. मी म्हटलं, कोण सुटतं? मग कळलं. मला वाटलं होतं, पिंजरा खरंच प्रदर्शनासाठी आहे."

"आणि तुम्ही तिचे दंड धरलेत."

"जाऊ नकोस म्हणायला धरले. तिने हिसडा मारला. मी ढकललं की सोडलं, ते मला आठवत नाही. मी आठवून पाहिलं. पण नाही आठवत."

"डॉक्टरला का नाही बोलावलंत?"

"डोळे उघडे होते तिचे. मला कळलं होतं." ती पेलूसाच्या पाठीवरून हात फिरवत होती, सरळ, भांगाच्या रेषेत. "ही तिला चाटत होती. तोंड, कान, सगळं लाल. हिला असं कसं ठेवायचं? शनिवार होता. पाणी आलं होतं. मी बादली भरली."

"कोणी दार ठोठावलं?"

"ठोठावलं असेल."

"आणि ओस्निएल, कासिल्दाबाई? त्याची बायको दोन दिवस बाकावर बसून आहे. दिवस भरत आलेत तिचे."

"त्याने काही केलं नाही ना. म्हणजे सुटेल, असं वाटलं."

"आपोआप कोणी सुटत नसतं."

"ते बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "पण मला काही वाटतच नव्हतं, पोरी. लोक येत होते, रडत होते, मी बघत होते. ओस्निएलला नेलं तेही बघितलं. काही वाटलं नाही. तुला कसं सांगू ते कळत नाही."

मला सांगायची गरज नव्हती. मी आयुष्यात खूप कबुल्या ऐकल्या, पण इतकी नीट समजलेली ही एकच. त्याची मला भीती वाटली.

"मग शेजाऱ्यांना हाक मारलीत ती केव्हा?"

"हिला टिपून, वेण्या घालून, रांगेत जाऊन सिलिंडर आणला, मग." तिचा हात थांबला. "एक मात्र झालं. पाण्यात हिच्या कानामागे बोट घातलं, तर गाठ. काखेत घातलं, तिथे पण. असं कधी झालं नव्हतं. मला राग आला. मी तिथूनच ओरडले, ओबदूलिया, आज विंचरलं नाहीस का गं?"

नळाखाली बादली उपडी वाळत घातली होती. ती बादलीकडे बघत राहिली.

"ओरडल्यावर थांबले मी. ती उलट बोलते ना नेहमी. वाट बघितली."

मी फोन उचलून रेइनिएरला सांगितलं की ओस्निएलला सोड आणि आधी त्याच्या बायकोला जाऊन सांग. पलीकडून शिंक ऐकू आली, मग "हो, कॅप्टन." कासिल्दाने स्वेटर घेतला, गॅस बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. जिन्याजवळ आल्यावर ती थांबली नाही. दारात मात्र वळली.

"आधी विंचरायचं," ती मला म्हणाली. "मुळापासून. मग पाणी."

संध्याकाळी मी पेलूसाला घरी आणलं. दुसरं कोण ठेवून घेणार होतं? काखेतल्या दोन गाठी अजून राहिल्या होत्या, त्या एवेलिओ उद्या कापणार होता. बाकीचे केस तरी विंचरावेत म्हणून तिला मांडीवर घेतलं, थोडं पाणी शिंपडलं. ओबदूलियाची फणी पुराव्यात जमा होती. माझी मला सापडेना. मी ड्रॉवर उघडला, खिडकी पाहिली, आणि वैतागून आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडले:

"लिस्बेत, माझी फणी कुठे ठेवलीस गं?"

पेलूसाने कान टवकारले आणि दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.